चिपसंगीताची आदर्श वही

आज मी आपल्यापुढे एका अवजाराविषयी बोलणार आहे. हे अवजार हातात धरता येत नाही. ते संगणकात असते आणि त्याला ‘ट्रॅकर’ असे म्हणतात. जुन्या खेळयंत्रांत व संगणकांत आवाज निर्माण करणारी जी चिप असे, तिच्यासाठी रचलेल्या संगीताला ‘चिपट्यून’ हे नाव आहे. आपण त्याला चिपसंगीत म्हणू. हे संगीत ज्या वहीत लिहावयाचे, ती वही म्हणजे ट्रॅकर. ही वही आदर्श व्हावयाची तर तिच्यात कोणते गुण असावेत, हा आजचा प्रश्न आहे.

मी शाळेत गणित शिकविते. संगीतात माझी मजल हार्मोनियमवर मुलांची गाणी वाजविण्यापलीकडे फारशी गेलेली नाही. ट्रॅकरवर मात्र गेली काही वर्षे मी नियमाने हात चालविते, व शाळा सुटल्यावर चारदोन मुलांनाही तो दाखविते. तेव्हा मी बोलणार आहे ते मध्यम प्रतीच्या अभ्यासकाचे बोलणे आहे, हे आपण ध्यानात घ्यावे.

हा प्रश्न माझ्या मनात कसा आला ते आधी सांगते. नववीतील एका मुलाने दोन महिने खपून एक चाल रचली. ती त्याने 1983 साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या खेळयंत्रासाठी योजिली होती. त्या यंत्रात पाच आवाज आहेत: दोन चौकोनी लहरींचे, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि एक ध्वनिमुद्रित तुकड्यांचा. मुलाने शेवटच्या ओळी अशा बांधल्या होत्या की, त्रिकोणी लहरीवरचा खालच्या सप्तकातला स्वर हळूहळू विरत जावा. संगणकावर तो विरतही असे, आणि ते ऐकताना आम्हा सर्वांनाच बरे वाटे. पुढे एका स्नेह्याने ती चाल खऱ्या यंत्रावर वाजेल अशा रूपात आणून दिली. आम्ही सारे गोळा झालो. चाल उत्तम चालली. पण शेवटी तो स्वर विरला नाही. तो पूर्ण जोराने वाजत राहिला आणि एकदम तुटला. मुलाचा चेहरा उतरला. तो मला हळूच म्हणाला, “बाई, माझं काय चुकलं?”

श्रोतेहो, त्याचे काहीही चुकलेले नव्हते. त्या चिपमध्ये त्रिकोणी लहरीला लहानमोठा आवाज करण्याची सोयच नाही. ती एक तर वाजते, नाही तर गप्प असते. आमच्या शाळेतल्या त्या प्रोग्रॅमने मात्र ही गोष्ट त्याला कधी सांगितली नाही. उलट, जे चिपला जमणार नाही ते जमते असे भासवून त्याला दोन महिने फसविले. त्या दिवसापासून माझे मत बनले ते असे: चिपसंगीतात मर्यादा असाव्यात, पण त्या चिपच्या असाव्यात, वहीने आपल्या पदरच्या मर्यादा त्यांत मिसळू नयेत, आणि चिपच्या मर्यादा लपवूही नयेत.

आता ही वही मुळात कशी आहे ते पाहू. कॉमोडोर 64 हा संगणक 1982 साली आला. त्याच्या सिड नावाच्या चिपमध्ये अवघे तीन आवाज होते. त्या काळी रॉब हबर्ड यांच्यासारखे इंग्लंडमधील रचनाकार असेंब्ली भाषेत आकडे मांडून संगीत रचीत. म्हणजे संगीतकाराला आधी संगणकतज्ज्ञ व्हावे लागे. पुढे 1987 साली कार्स्टेन ओबार्स्की या जर्मन तरुणाने अमिगा संगणकासाठी ‘अल्टिमेट साउंडट्रॅकर’ तयार केला, आणि संगीत लिहिण्याला वहीचे रूप आले. ही वही आपल्या रोजकीर्दीसारखी उभी भरावयाची असते. प्रत्येक आवाजाला एक रकाना, आणि वेळेच्या प्रत्येक तुकड्याला एक ओळ. रकान्यात स्वराचे नाव, वाद्याचा क्रमांक आणि एखादा आदेश लिहावयाचा. वाजविताना ओळी वर सरकत जातात आणि डोळ्यांदेखत संगीत वाचले जाते.

आदेश म्हणजे काय, याचे एक उदाहरण देते. एका आवाजावर एका वेळी एकच स्वर वाजतो. मग तीन स्वरांचा मेळ कसा साधावा? रचनाकार 047 असा आदेश लिहितो. शून्य म्हणजे मूळ स्वर, चार म्हणजे त्याच्यापासून चार पायऱ्या वरचा आणि सात म्हणजे सात पायऱ्या वरचा. आपल्या भाषेत सा, शुद्ध ग आणि प. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतक्या वेळात एकेक स्वर पालटत गेला की, कानाला तिन्ही एकत्र वाजल्याचा भास होतो. चारच्या जागी तीन लिहा, की कोमल ग येतो आणि सगळा भाव बदलतो. चिपसंगीताचा तो ओळखीचा थरथरता नाद पुष्कळदा यातूनच येतो. अर्थात तो एका मर्यादेच्या पोटी जन्मला आहे, आणि म्हणूनच मर्यादांचा मला आदर वाटतो.

तर आदर्श वहीचा पहिला गुण खरेपणा. चिप जे करू शकत नाही, ते वहीने करू देऊ नये. आणि का करू देत नाही ते तिथल्या तिथे साध्या शब्दांत सांगावे. फॅमिकॉमच्या चौकोनी आवाजाला उंच स्वर नेमके लावता येत नाहीत. एका सेकंदात 1760 आवर्तनांचा स्वर हवा असेल, तर अमेरिकी यंत्रात 1748 किंवा 1776 यांपैकी एक पत्करावा लागतो. मधले काही मिळत नाही. स्वर किती उतरला वा चढला हे वहीने त्याच्या शेजारी दाखवावे. म्हणजे रचनाकार तो स्वर टाळील, किंवा जाणूनबुजून स्वीकारील. तसेच युरोपातील यंत्रे सेकंदाला 50 ठोक्यांवर चालत आणि जपान-अमेरिकेतील 60 ठोक्यांवर. पहिल्यासाठी बांधलेली चाल दुसऱ्यावर एकपंचमांशाने जलद धावते. म्हणून कोणत्या यंत्रासाठी लिहीत आहात, हा प्रश्न वहीने पहिल्याच पानावर विचारावा.

दुसरा गुण असा की, वहीने आपला ठोकळा रचनेवर लादू नये. ओबार्स्कीच्या वहीत एका पानाला 64 ओळी असत. एका मात्रेला चार ओळी धरल्या तर त्यात आपला सोळा मात्रांचा त्रिताल अगदी नेमका बसतो. पण सात मात्रांच्या रूपकाला 28 ओळी लागतात आणि दहा मात्रांच्या झपतालाला 40. तिथे पान मध्येच तोडण्याचा आदेश द्यावा लागे. पुढे 1994 सालच्या ‘फास्टट्रॅकर 2’मध्ये पानाची लांबी 256 ओळींपर्यंत हवी तशी ठेवता येऊ लागली, हे फार चांगले झाले. माझी मागणी याहून थोडी पुढची आहे. ओळींचे गट किती-किती ओळींचे मोजावयाचे ते लिहिणाऱ्याला ठरविता यावे, आणि सम व खाली वेगळ्या रंगांनी दिसावी. तालाची ही अडचण चिपची नव्हे, वहीची आहे.

तिसरा गुण स्वराच्या हालचालीचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचा आदेश ट्रॅकरमध्ये आहे; तो आपल्या मींडेच्या जवळ जातो. स्वर हलविण्याचाही आदेश आहे, पण त्याचे हलणे घड्याळाच्या लंबकासारखे असते. दरबारी कानड्यातील आंदोलित कोमल गांधार अशा एकसारख्या हेलकाव्याने सजीव होत नाही. त्यासाठी स्वराची वाट बोटाने रेखाटता आली पाहिजे, आणि ती रेघ वाद्यासोबत जपून ठेवता आली पाहिजे. आज ‘फर्नेस’सारख्या ट्रॅकरमध्ये आकड्यांच्या किंवा आलेखाच्या रूपाने हे पुष्कळसे करता येते. तो विनामूल्य आहे आणि अनेक चिपसाठी एकाच वहीत लिहू देतो. नवशिक्याला मात्र त्यातील पाट्यांची गर्दी पाहून घाबरायला होते. आदर्श वही पहिल्या दिवशी चारच गोष्टी पुढे ठेवील आणि बाकीच्या, विद्यार्थी विचारील तेव्हा, कपाटातून काढून देईल.

चौथा गुण स्मरणाचा. विद्यार्थ्याने चुकून पुसलेले परत यावे, वीज गेली तरी लिहिलेले जावू नये, इतके तर हवेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वीस-तीस वर्षांनीही ती वही उघडली पाहिजे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमिगावर लिहिलेल्या ‘मॉड’ फायली आजही वाजतात. स्वर, आदेश आणि वाद्यांचे आवाज एकाच फायलीत, आणि तिची मांडणी साऱ्यांना ठाऊक, हे त्याचे कारण. म्हणून आदर्श ट्रॅकरची फाईल उघड्या मांडणीची असावी, आणि सारी रचना साध्या मजकुराच्या रूपानेही बाहेर काढता यावी.

येथेच भाषेचाही एक मुद्दा आहे. त्या जुन्या फायलीत रचनेच्या नावाला 20 बाइट इतकीच जागा असे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आजच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला तीन लागतात. काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे सहा चिन्हांत नाव संपले! मुलाने आपल्या चालीला ‘पावसाळा’ असे नाव दिले तर शेवटचा काना बाहेर राहतो. नाव लिहायला आपली लिपी मिळणे, ही चैनीची बाब मी मानीत नाही.

पाचवा गुण सांगून आवरते घेते. ट्रॅकर ही वस्तुतः अक्षरे व आकडे यांची वही आहे, आणि ती सबंध कळफलकावरून भरता येते. दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती किती सोयीची व्हावी! पण अनेक ट्रॅकर ही अक्षरे पडद्यावर चित्राप्रमाणे रेखाटतात, आणि मग पडदा वाचून दाखविणाऱ्या प्रोग्रॅमला त्यांत काही सापडत नाही. ज्याचा कान सर्वांत तयार, त्यालाच वहीबाहेर ठेवावे, यासारखा दुसरा अन्याय नाही. ही मर्यादाही चिपची नव्हे.

कोणी म्हणेल, एवढ्या उठाठेवीपेक्षा आजच्या संगणकावर शंभर आवाज मिळत असता तीन-चार आवाजांत कोंडून का घ्यावे? माझे उत्तर सरळ आहे. ज्याला शंभर आवाज हवेत त्याने ते घ्यावेत. पण थोडक्यात पुष्कळ सांगण्याची शिस्त जो स्वखुशीने पत्करतो, त्याला त्या थोडक्याचे मोजमाप तरी खरे मिळाले पाहिजे.

त्या मुलाने पुढे काय केले, असे आपण विचाराल. खऱ्या चिपचे नियम पाळणाऱ्या ट्रॅकरमध्ये त्याने शेवट पुन्हा लिहिला. खालचा स्वर त्याने आधीच थांबविला आणि विरण्याचे काम चौकोनी आवाजाकडे दिले. त्याला सोळा पायऱ्यांनी उतरता येते. मला विचाराल तर पहिल्यापेक्षा हा शेवट सरस झाला आहे. त्याला तसे वाटत नाही, आणि सध्या तो तिसरा लिहीत आहे.