आयच्या पलीकडचें अ‍ॅम्स्टरडॅम



हॉलंडांतील अ‍ॅम्स्टरडॅम शहर पाहून आलेले लोक आतां आपल्या ओळखींत पुष्कळ सांपडतात. कोणाचा मुलगा तेथें नोकरीस असतो, कोणी युरोपच्या सहलींत दोन दिवस तेथें काढून येतो. अशा मंडळींना त्या शहराविषयीं विचारावें तर ते कालवे सांगतात, चित्रसंग्रहालयें सांगतात, आणि त्यांचें वर्णन मध्यवर्ती स्टेशनापाशीं येऊन थांबतें. १८८९ सालीं उघडलेलें हें स्टेशन म्हणजे शहराच्या उत्तरेस घातलेली जणूं भिंतच आहे. तिच्यामागें काय आहे हें पाहण्याची तसदी फारसें कोणी घेत नाहीं. माझी मुलगी त्या शहरांत राहते. गेल्या उन्हाळ्यांत तिच्याकडे सहा आठवडे राहण्याचा योग आला. मीं तिला उत्तरेकडच्या भागाविषयीं विचारलें, तेव्हां ती म्हणाली, "बाबा, तिकडे पाहण्यासारखं काय आहे?" असा प्रश्न मास्तराला विचारूं नये. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं मी तिकडे गेलों, आणि मग पुन्हा पुन्हा जात राहिलों.

स्टेशनाच्या मागल्या दारानें बाहेर पडलें कीं समोर रुंद पाणी दिसतें. त्याचें नांव 'आय'. मराठी कानाला हें नांव लडिवाळ वाटेल. पण शहर आणि त्याचा उत्तर भाग यांच्यामध्यें या आयनें जेवढें अंतर पाडलें, तेवढें एखाद्या सावत्र आईनेंही पाडलें नसेल. शहराच्या मध्यभागीं या पाण्यावर पूल नाहीं. मोटारींसाठीं १९६८ पासून पाण्याखालून बोगदा आहे, २०१८ पासून भुयारी रेल्वेही आहे. परंतु पायीं जाणारा माणूस आणि सायकलवाला आजही फेरीबोटीनेंच पलीकडे जातो. कोंकणांत जिला 'तर' म्हणतात तीच ही, फक्त लोखंडी आणि यंत्राची. हिला भाडें पडत नाहीं. तिकिटाची खिडकी शोधीत मी उगीच दहा मिनिटें हिंडलों, तसें आपण करूं नये. मात्र बोटीवरची पाटी वाचून मगच पाऊल टाकावें. बाउक्स्लोटरवेखची बोट पांच मिनिटांच्या आंत समोरच्या कांठास लावते. दुसरी एक पश्चिमेकडे जुन्या जहाजगोदीस जाते आणि सुमारें पाव तास घेते. मी पहिल्या दिवशीं पहिली समजून दुसरींत चढलों. तक्रार नाहीं, कारण पाण्यावरचा वारा फुकट मिळाला. आणखी एक सूचना. बोट टेंकतांच शेंकडों सायकली एकदम सुटतात. त्या वेळीं घाई न करतां कडेस उभें राहावें. तांबड्या रंगाचा रस्ता सायकलींचा असतो. त्यावर उभें राहून नकाशा पाहणाऱ्या परदेशीयास तेथील सौम्य माणूसही क्षमा करीत नाहीं.

बाउक्स्लोटरवेखला उतरलें कीं डावीकडे एक शुभ्र, पंख पसरल्यासारखी इमारत दिसते. तें चित्रपटांचें संग्रहालय. त्याचें नांव 'आय', पण येथें अर्थ डोळा. तें २०१२ सालीं येथें उघडलें. त्याच्या शेजारीं उंच मनोरा आहे. तो १९७१ सालीं तेलाच्या प्रसिद्ध कंपनीनें, म्हणजे शेलनें, आपल्या कचेऱ्यांसाठीं बांधला. आतां तेथें उपाहारगृहें आहेत, आणि अगदीं माथ्यावर पैसे देऊन झोका घेण्याची सोय आहे. तरुण लोक शहरावर पाय सोडून त्या झोक्यावर किंचाळत असतात. ज्या जमिनीवर हा मनोरा उभा आहे, तिच्याविषयीं मात्र तेथें कोणी बोलत नाहीं.

या भूशिराचें जुनें नांव फोलेवेक. १७९५ पर्यंत येथें शहराचे फांशीचे खांब होते. गुन्हेगारास देहदंड शहरांत, डॅम चौकांत, देत; आणि मग प्रेत नावेंतून पलीकडे आणून खांबास टांगून ठेवीत. येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना तें दिसे. १६६४ सालीं जटलंडहून मोलकरणीचें काम शोधीत आलेली एल्स्ये क्रिस्तिआन्स नांवाची अठरा वर्षांची मुलगी येथें अशीच टांगली गेली. भाड्याच्या पैशावरून झालेल्या भांडणांत तिनें घरमालकिणीवर कुऱ्हाड चालविली होती. ती कुऱ्हाडही तिच्या डोक्याशेजारीं खांबाला बांधली होती. रेम्ब्रांटनें त्या मुलीचीं दोन रेखाचित्रें काढलीं. एक समोरून, एक बाजूनें. तीं आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहेत. चित्रांवर तिचें नांव नाहीं. तें पुढें दप्तरांतून शोधून काढावें लागलें. रेम्ब्रांट त्या वेळीं साठीकडे झुकलेला होता. तो नावेंत बसून हें पाणी ओलांडून आला असेल, हें मनांत आल्यावर त्या मनोऱ्याचा झोका मला पाहवेना.

शहराला जें जवळ नको होतें तें त्यानें पलीकडे पाठविलें. हें एकदां ध्यानांत धरलें कीं हा सारा भाग पुस्तकासारखा वाचतां येतो. खांब गेल्यावर कारखाने आले. १९१४ पासून तेलाची प्रयोगशाळा, मग जहाजगोद्या, मग विमानें. १९१९ सालीं येथें विमानांचें मोठें प्रदर्शन भरलें होतें, आणि तें संपल्यावर फोकर या विमानकर्त्यानें त्याच्या इमारतींत आपला कारखाना थाटला. दुसऱ्या महायुद्धांत तो जर्मनांच्या ताब्यांत गेला. १७ जुलै १९४३ रोजीं अमेरिकन विमानांनीं त्यावर बाँब टाकले, पण ते कारखान्यावर न पडतां वस्तींतील घरांवर पडले आणि दीडशेहून अधिक माणसें मेलीं. धोका असलेला कारखाना पलीकडे आणि त्याला खेटून कामगारांचीं घरें, या व्यवस्थेची ही किंमत होती.

आतां त्या घरांकडे वळूं, कारण माझ्या मतें या भागांत खरें पाहण्यासारखें तेंच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत अ‍ॅम्स्टरडॅममध्यें गरिबांना घर मिळेना. आरी केप्लर हा नगरपालिकेच्या गृहखात्याचा पहिला संचालक. कामगारालाही दारापुढें फुलझाड असावें, अशी त्याची श्रद्धा होती. त्या काळांत येथें लहान लहान 'उद्यानग्रामें' उठलीं. फोखेलडॉर्प, म्हणजे पक्ष्यांचें गांव, आणि डिस्टलडॉर्प, म्हणजे काटेझाडांचें गांव, हीं दोन १९१८ सालीं तात्पुरतीं म्हणून बांधलीं. तीं आजही उभीं आहेत! कौलारू, बुटकीं, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसलेलीं घरें; मध्यें लहानसें पटांगण. आंत न्हाणीघर नव्हतें, म्हणून सार्वजनिक स्नानगृह वेगळें बांधलें. आपल्याकडे कायम म्हणून बांधलेल्या इमारतींचें काय होतें, तें येथें बोलत नाहीं.

परंतु या सदिच्छेला एक काळी बाजूही आहे, आणि ती पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. आस्टरवेख रस्त्यावर विटांची एक जुनी वेस उभी आहे. ती आस्टरडॉर्पची. ज्या कुटुंबांना अधिकारी 'सामान्य वस्तींत राहण्यास अयोग्य' ठरवीत, त्यांना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस या वसाहतींत ठेवीत. भोंवतीं भिंत, आंतबाहेर जाण्यास ही एकच वेस, आणि वर देखरेख. कुटुंबें सुधारावीं हा हेतु. मी चौतीस वर्षें शाळेंत काढलीं. वर्गांतील मागचा बांक वेगळा केला म्हणजे तेथील मुलें सुधारतात, असें मलाही कांहीं वर्षें वाटत होतें. आस्टरडॉर्पचा पत्ता सांगितला कीं काम मिळत नसे. पुढें युद्धांत शहराबाहेरील ज्यू कुटुंबांना छावण्यांकडे धाडण्यापूर्वीं येथेंच आणून कोंडलें. भिंत तयारच होती. १९५५ सालीं तीं घरें पाडलीं. वेस राहिली.

पश्चिमेकडील टाउनडॉर्प ओस्तझान हें गांव फार निराळें, फार प्रसन्न. तेथील रस्त्यांचीं नांवें आकाशांतून उतरलीं आहेत: सूर्यचौक, उल्कामार्ग, धूमकेतूचा कालवा, कृत्तिकाचौक. सूर्यचौकांत लोकांनीं जमावें, नाटकें करावीं, म्हणून १९३२ सालीं 'सूर्यगृह' उभारलें. त्या चौकांतल्या बांकावर पंचाहत्तरीच्या घरांतील एक गृहस्थ भेटले. इंग्रजी त्यांचें बेताचें, माझें पुस्तकी, गप्पा रंगल्या. १४ जानेवारी १९६० रोजीं पहांटे जवळच्या कालव्याचा बांध फुटला आणि हें सारें गांव पाण्याखालीं गेलें. ते तेव्हां दहा वर्षांचे होते. पाणी कोठवर आलें, हें दाखविण्यासाठीं त्यांनीं हात छातीशीं धरला. मग किंचित् थांबून तो डोक्यावर नेला, म्हणाले कीं दहा वर्षांच्या मुलाला इतकें. पुढें म्हणाले, त्या वेळीं पाणी आलें, आतां पैसा येत आहे. पाणी निदान उपसतां येतें. जवळच्या जहाजगोदीचें १९८४ सालीं दिवाळें निघालें. तिच्या शेडांतून प्रथम चित्रकार आले, मग कचेऱ्या, हॉटेलें, उंच घरें. गोदीच्या जुन्या क्रेनवरही आतां हॉटेल आहे. जी वस्ती शहराला नको होती तीच आतां हवी झाली आहे, आणि जुन्या कामगारांच्या मुलांना तेथें घर परवडत नाहीं. ही दरवाढ मला कोणी समजावून सांगावी लागली नाहीं; मुंबईतील गिरणगांवाचें काय झालें तें आपण पाहिलेंच आहे.

दुसऱ्या दिवसासाठीं सायकल भाड्यानें घ्यावी. तेथील कांहीं सायकलींना हातांत ब्रेक नसतो. पायटा उलटा दाबला कीं ती थांबते. हें मला एका कुंपणापाशीं कळलें. पूर्वेकडे न्यूवेनडामचा बांध धरावा. बांधाच्या अंगाखांद्यावर जुनीं लांकडी घरें आहेत, हिरव्या-पांढऱ्या रंगाचीं, खिडक्यांना पडदे नसलेलीं. पडदा नाहीं म्हणून आंत डोकावूं नये.

हा बांध म्हणजेच या मुलखाचा इतिहास. डावीकडे गवताचीं कुरणें, त्यांत संथ चरणाऱ्या गाई, उजवीकडे पाणी, आणि पाण्याची पातळी कुरणांहून उंच! ही जमीन मुळांत दलदलीची. माणसानें तींतील पाणी काढलें, तशी ती खचत गेली, म्हणून बांध चढवावा लागला. १९१६ सालच्या जानेवारींत, १३ आणि १४ तारखांच्या रात्रीं, झॉइडरझे समुद्राच्या वादळानें बांध फुटले आणि हा सगळा वॉटरलँड बुडाला. त्या पुरानंतर १९१८ सालीं तो समुद्रच कोंडण्याचा कायदा झाला, आणि कॉर्नेलिस लेली या स्थापत्यविशारदाच्या योजनेप्रमाणें १९३२ सालीं महाबांध पुरा होऊन समुद्राचें सरोवर झालें. इकडे पुरानें खंगलेल्या गांवांना आपले बांध स्वतःच्या खर्चानें राखणें झेंपेना. १ जानेवारी १९२१ रोजीं बाउक्स्लोट, न्यूवेनडाम, रान्सडॉर्प हीं गांवें अ‍ॅम्स्टरडॅममध्यें सामील झालीं. म्हणून आज गाईंमधून सायकल हांकतांना आपण कायद्यानें महानगरांतच असतों.

पुढें डुरखेरडाम. एका बाजूस घरांची एकच रांग, समोर पाणी, मध्यें १६८७ सालची उंच छपराची लहानशी इमारत. समोरचें पाणी पँपसचें. पूर्वीं तें इतकें उथळ होतें कीं भरलेलीं मोठीं जहाजें रुतत. १६९० च्या सुमारास एक युक्ति निघाली. जहाजाच्या दोहों अंगांस पाण्यानें भरलेले लांकडी पेटारे बांधावयाचे आणि मग त्यांतील पाणी उपसावयाचें. पेटारे वर येत आणि जहाजालाही उचलीत. त्यांस 'उंट' म्हणत. आपल्या जुन्या कागदपत्रांतील वलंदेज ते हेच. ज्यांनीं वेंगुर्ल्यास वखार घातली, त्यांच्या कंपनीचीं जहाजें या उंटांच्या पाठीवरून पँपस ओलांडीत. येथें सफरचंदाची जाड पोळीवजा मिठाई आणि कॉफी घ्यावी. शाकाहारी माणसाची चीज आणि पाव यांवर चांगली भागते. पैसे मात्र बहुतेक ठिकाणीं कार्डानेंच द्यावे लागतात.

तेथून रान्सडॉर्प. त्याचा बसका, रुंद मनोरा दुरून दिसतो. माथा सपाट, कारण वरचा निमुळता भाग कधीं चढलाच नाहीं. उन्हाळ्यांत वर जाऊं देतात. शेजारीं १६५२ सालची गांवची चावडी आहे. मनोऱ्यावरून दक्षिणेकडे शहर दिसतें, तेलकंपनीचा तो मनोराही बोटाएवढा दिसतो.

रान्सडॉर्पहून अरुंद रस्ता होलिस्लोटला जातो, आणि होलिस्लोटला संपतो. पुढें पाणी आहे. उन्हाळ्यांत पायीं जाणाऱ्यांना व सायकलींना पलीकडे नेणारी एक लहानशी होडी तेथें असते. मी गेलों तेव्हां होडीवाला पलीकडच्या कांठीं होता. त्यानें हात वर केला, मींही केला, आणि तो येईपर्यंत मी गवतावर बसून राहिलों.