भिंतीतला ऑक्सिजन : नवा कक्ष अकरा दिवस बंद का राहिला?

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या भूलशास्त्र विभागातर्फे झालेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



सर्वप्रथम आपणा सर्वांची क्षमा मागतो. दुसऱ्या मजल्यावरील नव्या कक्षाचे उद्घाटन गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर व्हायचे होते. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, मांडववाल्याला विसार दिला होता आणि जुन्या शहरातील कित्येक घरांतून पाडव्याची पूजा आटोपून मंडळी येणार होती. आदल्या दिवशी दुपारी मी अध्यक्ष महोदयांकडे गेलो आणि कक्ष उघडू नये अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली. परंतु त्यानंतर अनेकांनी मला विचारले, आणि तो प्रश्न रास्तच होता, की खाटा आल्या, नळ्या बसल्या, नळ्यांतून वायूही येऊ लागला, मग आता अडले कुठे? एक वयोवृद्ध देणगीदार तर म्हणाले, ‘‘डॉक्टर, माझ्या पत्नीच्या नावाची पाटी त्या भिंतीवर लागली आहे, ती कुलुपाआड किती दिवस ठेवणार?’’ त्या दिवशी त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

आपल्या रुग्णालयात पूर्वी ऑक्सिजन खाटेपाशी सिलिंडरनेच येत असे. सिलिंडरचा एक मोठा गुण म्हणजे तो दिसतो. काळे अंग, पांढरा गळा, त्यावरील चिठ्ठी. लहान सिलिंडर भूलयंत्राला जोडताना तर त्याच्या तोंडाशी पिनांची योजना असते. ऑक्सिजनच्या पिनांच्या जागा वेगळ्या, नायट्रस ऑक्साइडच्या वेगळ्या, त्यामुळे भलता सिलिंडर भलत्या जागी सहसा बसतच नाही. भिंतीतून येणाऱ्या वायूचे तसे नाही. तळमजल्यावर मागील बाजूस जंबो सिलिंडरांची रांग आहे, तिला आपण मॅनिफोल्ड म्हणतो. तेथून तांब्याची नळी निघते, भिंतीतून, छताखालून फिरत प्रत्येक खाटेच्या उशाशी पोहोचते. तेथे साधारण चार किलो दाबाने वायू उभा असतो. मधला सगळा प्रवास डोळ्याआड होतो. शेवटच्या तोंडावर ‘ऑक्सिजन’ असे लिहिलेले असते आणि परिचारिका त्या अक्षरांवर विश्वास ठेवते. तिने तो ठेवलाच पाहिजे, कारण मध्यरात्री धाप लागलेल्या रुग्णासमोर पडताळा घेत बसायला तिला वेळ नसतो. म्हणून तो पडताळा आधीच झालेला असावा लागतो.

हे शब्द मी उगाच गंभीर करीत नाही. इंदूर आपल्याला परके नाही. मीटरगेजची गाडी होती तेव्हा खांडव्यामार्गे इंदूरला नातेवाइकांकडे गेलेले अनेक अकोलेकर या सभागृहात असतील. तेथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात २०१६ च्या मे महिन्याच्या अखेरीस, नव्यानेच सुरू झालेल्या शस्त्रक्रियागृहात, लागोपाठ दोन बालके दगावली. ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड येत होता. त्याच वर्षी जून-जुलैत ऑस्ट्रेलियात, सिडनी शहरातील बँक्सटाउन-लिडकम रुग्णालयात, दोन नवजात अर्भकांना ऑक्सिजन समजून नायट्रस ऑक्साइडच दिला गेला. एक बाळ गेले, दुसऱ्याच्या मेंदूला इजा झाली. तेथील नळी २०१५ मध्ये बसवलेली होती. म्हणजे जवळजवळ वर्षभर ती चूक भिंतीत निमूटपणे बसून होती. आपल्याकडे साधनांची वाण आहे म्हणून असे घडते, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. सिडनीला कशाची वाण होती? नळी कार्यान्वित करताना करावयाची चाचणी नीट झाली नाही, एवढेच चौकशीत निघाले.

आता आपल्या कक्षाकडे वळतो.

तांब्याच्या दोन नळ्या चांदीमिश्रित डाखाने जोडतात. त्या वेळी तांबे लालबुंद तापते. आत हवा असेल तर नळीच्या आतल्या बाजूस काळी खपली धरते आणि पुढे ती वायूबरोबर सुटून झडपांत, व्हेंटिलेटरमध्ये, क्वचित रुग्णाच्या श्वासमार्गात जाते. म्हणून डाख देताना नळीतून नायट्रोजनचा मंद झोत चालू ठेवावयाचा असतो. काम संपल्यावर नळीत नायट्रोजनच दाबाने भरून चोवीस तास ठेवतात आणि काटा हलतो की नाही ते पाहतात. हे सारे बरोबर आहे आणि आपल्याकडेही झाले. काटा हलला नाही. मग नायट्रोजन सोडून देण्यात आला, मॅनिफोल्डकडून ऑक्सिजन सोडण्यात आला आणि दाब चारावर आला. मुख्य मिस्तरींनी, जे वयाने मला काकांच्या ठिकाणी आहेत, मला बोलावून दाखवले. ‘‘साहेब, काटा चारावर हाय ना, मंग आता काय पाह्यता?’’

त्यांच्या प्रश्नातच सगळे मर्म होते. काटा दाब सांगतो. कशाचा दाब, हे तो सांगत नाही.

नायट्रोजन ‘सोडून दिला’ म्हणजे काय झाले? जास्तीचा दाब गेला, परंतु नळी रिकामी झाली नाही. हवेच्या सर्वसाधारण दाबाचा नायट्रोजन तिच्यात भरलेलाच राहिला. त्यावर एका टोकाने चार किलो दाबाचा ऑक्सिजन आला. आता तो नायट्रोजन जाणार कोठे? पुढचे तोंड तर बंद. तो दबला, आकसला आणि साधारण पाचव्या हिश्शाच्या जागेत नळीच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसला. एस.टी.त मागून माणसे चढली की आधीची मंडळी पुढे सरकत शेवटी चालकाच्या पाठीशी कोंडतात, तसेच. आपल्यापैकी शेतकरी बांधवांना तर हे अधिक चटकन कळेल. ठिबकची नवी नळी अंथरल्यावर आपण पंप सुरू करून मोकळे होत नाही. प्रत्येक लॅटरलच्या टोकाचे बूच काढून आतला गाळ आणि हवा वाहू देतो. मुख्य नळी स्वच्छ झाली म्हणून शेवटची ओळ स्वच्छ झाली असे कोणी मानीत नाही.

मी ऑक्सिजनमापक यंत्र घेऊन एकेका खाटेपाशी गेलो. पहिल्या खोलीत आकडा नव्याण्णवच्या वर. दुसऱ्या खोलीतही तसाच. पूर्वेकडील शेवटच्या खोलीत, जेथे नळीचा एक फाटा वळून संपतो, तिसऱ्या तोंडावर आकडा आला ६. यंत्र बिघडले असावे म्हणून मी खिडकीपाशी जाऊन बाहेरची हवा मोजली. ती २१ निघाली, म्हणजे यंत्र शाबूत होते. पुन्हा लावले. पुन्हा ६.

सहा टक्के ऑक्सिजन म्हणजे काय, हे वैद्यकीय व्यवसायाबाहेरील श्रोत्यांसाठी सांगतो. आपण श्वास घेतो त्या साध्या हवेत तो एकवीस टक्के असतो. सहा टक्क्यांचा वायू मुखवट्यातून दिला तर अगोदरच थकलेला रुग्ण थोड्याच श्वासांत बेशुद्ध होईल. तो तडफडणारही नाही. जीव गुदमरल्याची जाणीव शरीराला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते आणि येथे तो बाहेर पडतच असतो. बोटावरील यंत्राचा आकडा उतरू लागेल आणि ते पाहून कोणतीही दक्ष परिचारिका काय करील? ऑक्सिजनचा प्रवाह वाढवील. म्हणजे जे रुग्णाचा जीव घेत आहे तेच अधिक देईल, आणि तिची काडीइतकीही चूक नसेल. पाडव्याच्या आदल्या दुपारी त्या खोलीत उभा असताना माझ्या मनात हे चित्र आले. निमंत्रणपत्रिकांचा विचार त्यानंतर आला, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरी गोष्ट पांढऱ्या कापडाने उघड केली. नळीच्या तोंडावर स्वच्छ पांढरे कापड धरून वायूचा जोरदार झोत सोडतात. कापडावर काही उमटता कामा नये. त्याच फाट्याच्या कापडावर काळे कण उमटले. शेवटच्या एक-दोन सांध्यांना डाख देताना नायट्रोजनचा सिलिंडर संपला होता आणि काम तसेच पुरे केले गेले, हे मग उघड झाले. मिस्तरींनी ते स्वतःहून सांगितले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच वाटतो. तो भाग कापून काढला आणि नव्याने बसवला. अकरा दिवसांतील बहुतेक दिवस त्यातच गेले, कारण सांधा बदलला की चोवीस तासांची दाबचाचणी, कापड, मापक, सारे पहिल्यापासून.

आता ‘धुऊन काढणे’, ज्याला तंत्रज्ञ पर्जिंग म्हणतात, त्याविषयी. तोंड उघडायचे आणि वायू वाहू द्यायचा, इतके ते सोपे दिसते. परंतु बाहेर पडणारा नायट्रोजन बंद खोलीत साठला तर काम करणाऱ्या माणसालाच निःशब्दपणे खाली पाडतो, आणि बाहेर पडणारा ऑक्सिजन साठला तर निराळाच धोका. जिनिंगमध्ये रुईच्या गंजीवर ठिणगी पडली तर काय होते हे अकोल्याला सांगावयास नको. ऑक्सिजनने भारलेल्या खोलीत चादर, पडदा, अंगावरचा सदरा या सर्वांची तशीच रुई होते. म्हणून आम्ही प्रत्येक तोंडाला नळी लावून वायू थेट गच्चीवर मोकळ्या हवेत सोडला, खिडक्या उघड्या ठेवल्या, खोलीत एकट्या माणसाला थांबू दिले नाही आणि मजल्यावर विडी-काडी कोणाच्या खिशातही राहू दिली नाही. झडप हळूहळू उघडायची, हाही नियमच. एकदम उघडली तर पुढे अडकलेला वायू दबून इतका तापतो की तेथे तेलाचा अंश असेल तर पेट घेतो. आणि तेलाचे तर नावच नको. झडप घट्ट झाली की तेलाचा थेंब सोडण्याची आपल्या कारागिरांच्या हाताला सवय असते. ऑक्सिजनच्या कामात ती सवय जीवघेणी आहे. तेलकट पाना घेऊन आलेल्या एका तरुण मदतनिसाला मी दारातून परत पाठवले. त्याला राग आला असावा.

सर्वांत अवघड वेळ मात्र वेगळीच होती. नवी नळी जुन्या नळीला जोडायची तर पहिल्या मजल्याचा पुरवठा काही काळ बंद करणे भाग होते आणि तेथे ऑक्सिजनवर असलेले रुग्ण होते. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात साठवण टाकीला गळती लागली आणि पुरवठा सुमारे अर्धा तास खंडित झाला. त्या दिवशी २२ रुग्ण गेले. ती टाकी बसवून जेमतेम काही आठवडे झाले होते. चुकीचा वायू मारतो, तसा न आलेला वायूही मारतो. आम्ही म्हणून जोडणीचे काम भर सकाळी, सर्व डॉक्टर हजर असताना घेतले. प्रत्येक गरजू खाटेपाशी भरलेला सिलिंडर आधीच उभा केला, रुग्णांना त्यावर घेतले, पंधरा मिनिटे निरीक्षण केले आणि मगच मेट्रनबाईंच्या लेखी संमतीने झडप बंद केली. काम अपेक्षेहून लवकर संपले. तरीही तोंडातोंडावर मापक लावून पाहिल्याशिवाय एकाही रुग्णाला परत भिंतीवर घेतले नाही.

खर्चाविषयी दोन शब्द, कारण पैसा आपला आहे. सांधे बदलण्याचा खर्च ठेकेदारांनी सोसला. पर्जिंगसाठी लागलेले जादा सिलिंडर आणि दुसरे ऑक्सिजनमापक यंत्र यांचा खर्च आपण केला. तो हिशेबपत्रकात वेगळा दाखवला आहे. वायू असा हवेत सोडून देणे काहींना उधळपट्टी वाटली. मला तसे वाटत नाही. विश्वस्त मंडळाने यापुढे एक नियमही मंजूर केला आहे : ज्याने नळी बसवली त्याच्या एकट्याच्या सहीवर ती वापरात येणार नाही. भूलतज्ज्ञ आणि मेट्रन यांनी प्रत्येक तोंड स्वतः तपासून सही केल्यावरच येईल, आणि कोणतीही दुरुस्ती झाली की हे सारे पुन्हा होईल.

रुग्णांच्या आप्तांना थोडी विनंती आहे. राजेश्वराचा अंगारा जरूर लावा, कोणाची श्रद्धा मोडण्याची आमची इच्छा नाही. परंतु ऑक्सिजन चालू असलेल्या खाटेपाशी उदबत्ती, कापूर, निरांजन लावू नका. उन्हाळ्यात ओठ फुटतात म्हणून मुखवट्याखाली तूप किंवा व्हॅसलिन चोळण्याची पद्धत आहे, तीही सोडा. परिचारिकेला सांगा, ती पाण्याच्या अंगाचे मलम देईल. आणि भिंतीवरील चकती कृपया स्वतः फिरवू नका.

रामनवमीही उलटून गेल्यावर, कोणताही मुहूर्त नसलेल्या एका साध्या सकाळी, कक्ष उघडला. मांडव नव्हता. ते वयोवृद्ध देणगीदार मात्र आले होते आणि पाटीला हार त्यांनीच घातला. तपासणीची नोंदवही परिचारिकांच्या टेबलावर असते व ती कोणासही पाहता येते. पूर्वेकडील शेवटच्या खोलीतील तिसऱ्या तोंडापुढे दोन तारखांच्या दोन नोंदी आहेत, पहिली ६ आणि दुसरी ९९.४. पहिली नोंद खोडावी असे एकाने सुचवले होते. ती तशीच ठेवली आहे.