तीन उंबरे, एक माती



साहित्याची चर्चा करताना लेखकाची प्रतिभा, त्याचे वाचन, त्याच्यावरील पाश्चात्त्य प्रभाव यांचा आवर्जून विचार होतो. मात्र ज्या उंबऱ्याआत त्याच्या कानांवर पहिले शब्द पडले, त्या घराचा विचार अभावानेच होतो. सातारा-सांगलीच्या भूमीत तरी तो व्हायला हवा.

१९४९ साली सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. औंध संस्थानातील आटपाडीचा दुष्काळी मुलूख विलीनीकरणानंतर याच जिल्ह्यात आला. या एका तालुक्याने अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला तीन अध्यक्ष दिले : १९७३ मध्ये यवतमाळला ग. दि. माडगूळकर, १९८३ मध्ये अंबाजोगाईला त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर आणि १९८४ मध्ये जळगावला शंकरराव खरात.

माती एकच, पण घरे वेगळी. माडगूळकरांचे घर ब्राह्मणाचे. दारिद्र्य पाचवीला पुजलेले, परंतु आई बनुताईंच्या तोंडी ओव्या होत्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांमागे ते संस्कार आहेत. शंकररावांचे वडील तराळ. गावाचे निरोप पोहोचवायचे, सांगितलेली कामे मुकाट्याने करायची आणि वेशीबाहेर राहायचे. ते भोगणे १९८१ च्या ‘तराळ-अंतराळ’मध्ये आले. तराळाचा हा मुलगा पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

तिसरा उंबरा वाळवे तालुक्यातील वाटेगावचा. अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही. मातंग समाजावर गुन्हेगारीचा शिक्का मारणारी इंग्रजी राजवट आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेले आप्त, या घरच्या आठवणींतून १९५९ साली ‘फकिरा’ साकार झाली.

यावर कोणी म्हणेल, घरावरून लेखक ठरवणे म्हणजे त्याला जातीच्या चौकटीत कोंडणे. परंतु घर लेखकाला कान देते, कुंपण घालत नाही. व्यंकटेशतात्यांनी १९५५ च्या ‘बनगरवाडी’त जे जग उभे केले, ते त्यांच्या घरचे नव्हे; ते मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगरांचे आहे. स्वतःचा उंबरा ओलांडून दुसऱ्याच्या अंगणात अदबीने बसल्याशिवाय असे लेखन होत नाही.

विविधतेत एकता हे वचन व्यासपीठावरून सहज उच्चारले जाते. मात्र ज्या गावाच्या आठवणींनी एकाचे मन भरून येते, त्याच गावाने दुसऱ्याला पाण्यासाठी तिष्ठत ठेवले, हे ऐकून घेण्याची तयारी नसेल, तर ती एकता शब्दांपुरतीच उरते. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. एक वाचून दुसरी न वाचणाऱ्याला माणदेश अर्धाच कळतो.

म्हणून कुटुंबाचा संस्कार हा विषय लेखकापाशी संपत नाही. तो वाचकाच्या घरापर्यंत येतो. मुलांच्या कानांवर आज काय पडते, हे त्या घराने ठरवायचे असते. पुष्कळ घरांत रामनवमीला ‘गीतरामायण’ भक्तिभावाने ऐकले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. त्याच घरातील पुस्तकांच्या फळीवर ‘फकिरा’ आणि ‘तराळ-अंतराळ’ आहेत काय, हे प्रत्येकाने आज घरी गेल्यावर पाहावे. नसतील, तर ती जागा भरून काढण्यास उशीर झालेला नाही.