गाडीतली दुसरी बॅटरी



पत्रिकेत आमचे नाव वाचून आपण बोनस, किमान वेतन असे काही ऐकायला आला असाल. त्यावर आम्ही इतरत्र पुष्कळ बोलतो, आमच्या घरची माणसे तर कंटाळली आहेत. आज बोलायचे आहे ते एका बॅटरीविषयी.

आमच्या युनियनने एक जुनी डिझेल व्हॅन घेतली. आरटीओकडे रीतसर नोंद करून तिच्यात आम्हीच फळ्यांचे दोन बिछाने, एक मेज आणि पाण्याचा पिंप बसवला. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात उतरतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि दोघेही पहाटेच फडात जातात. त्यांच्याशी बोलायचे तर रात्री, आणि रात्री बोलायचे तर मुक्काम अड्ड्यावरच हवा. म्हणून ही खटपट.

पहिल्या हंगामात दिवे, पंखा, सभेचा ध्वनिक्षेपक, सारे एंजिनच्याच बॅटरीवर चाले. एके रात्री सभा आटोपून आम्ही उचलीचे हिशेब तपासत बसलो, आणि दिवे-पंखा तसेच ठेवून झोपी गेलो. पहाटे तीनला एका कोपीतून हाक आली. बाईला कळा सुरू झाल्या होत्या. आम्ही किल्ली फिरवली. टक् असा आवाज झाला, पुढे काही नाही. दिवसभर ऊस तोडून आलेल्या दहाबारा माणसांनी गाडी ढकलून पाहिली, पण काळ्या मातीत चाके हलेनात. ट्रॅक्टर मिळायला पाऊण तास गेला. बाई आणि मूल दोघे सुखरूप राहिली. परंतु त्या पाऊण तासात तिचा नवरा आमच्याशी एक शब्द बोलला नाही.

शिसे आणि गंधकाम्लाची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच गृहस्थाने 1859 साली केली. 1912 साली कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचा जाच गेला. स्टार्टरला दोनचार सेकंदच, पण शेकडो अँपिअर प्रवाह लागतो. त्यासाठी एंजिनच्या बॅटरीत पातळ पातळ पत्रे पुष्कळ असतात. तिला रात्रभर थोडे थोडे पिळले, की ते पत्रे लवकर निकामी होतात. मुक्कामाच्या कामाला जाड पत्र्यांची बॅटरी हवी. आम्ही घरच्या इन्व्हर्टरला लावतात ती ट्युब्युलर, 100 अँपिअर-तासांची घेतली.

आणि पहिली चूक केली. दोन्ही बॅटऱ्या थेट एकमेकींना जोडल्या. दोन रांजण बुडाशी नळीने जोडले, तर एकातले पाणी काढताना दुसऱ्याचेही उतरणारच. सकाळी दोघीही रित्या! मग मधे रिले बसवला. एंजिन चालू झाले की आल्टर्नेटर 14 व्होल्टच्या आसपास देतो. तारेवर साधारण 13.3 व्होल्ट दिसले की रिले दार उघडतो, 12.8 च्या खाली आले की लावून घेतो. एंजिन बंद असताना आम्ही काहीही चालवले, तरी पहिल्या बॅटरीला धक्का लागत नाही.

दुसरी चूक काटकसरीची. घरी पडलेली अडीच चौरस मिलिमीटरची तार वापरली. 4 मीटर तारेतून 40 अँपिअर न्यायचे म्हटले, तर व्होल्टभराहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो. तार तापे आणि बॅटरी भरेना. शेवटी 25 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, मुकाट्याने पैसे मोजले. त्या तारेला दोन्ही टोकांना, बॅटरीपासून वीतभर अंतरावर, फ्यूज हवा. एकाच टोकाला पुरत नाही, कारण तार कुठे घासून पत्र्याला टेकली तर आग लावायला दोन्ही बाजूंना बॅटरी बसलेलीच आहे. भरताना ही बॅटरी हायड्रोजन सोडते. म्हणून ती झाकणाच्या पेटीत घट्ट आवळून पेटीची नळी गाडीबाहेर काढली. बिछान्याखाली ती उघडी ठेवून वर निजणारे शूर लोक आम्ही पाहिले आहेत.

आता जमाखर्च. तो आमच्या आवडीचा विषय. बॅटरी टिकायची तर निम्मीच वापरावी, म्हणजे हाती 50 अँपिअर-तास. दोन एलईडी दिवे आणि लहान पंखा मिळून 40 वॅट, दहा तासांत सुमारे 33. हे अंगावर येत नाही. पण कोप्यांत वीज नाही, आणि गाडीत दिवा दिसला की माणसे फोन घेऊन येतात. गावाकडे म्हाताऱ्यांजवळ ठेवलेल्या मुलांशी बोलायचे असते. एक फोन भरायला, वाया जाणारे धरून, 25 वॅट-तास म्हणजे दोन अँपिअर-तास जातात. वीस फोन आले की चाळीस गेले. मग पंखा बंद, एकच दिवा. एकविसाव्याला नाही म्हणावे लागते, आणि ते आम्हांला अजून नीट जमलेले नाही.

सकाळी परत भरण्याचेही तसेच. गावापर्यंतची वीस मिनिटांची धाव पुरत नाही, कारण शिशाची बॅटरी शेवटचा हिस्सा फार सावकाश घेते. टपावर सौर पाटी बसवली तेव्हा कुठे हिशेब जुळू लागला. फोनांची यादी आता आम्ही करीत नाही. टोळीतल्या बायका करतात. मुले गावी ठेवून आलेल्यांचा नंबर आधी लागतो, मुकादमाचा शेवटी.