लेकराला आधी विचारू या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी पाहुणीने दोन गोड शब्द बोलावेत असा रिवाज आहे. आज मी थोडे जड बोलणार आहे, कारण विषय आपल्या घरातल्या लेकरांचा आहे. वयात येणारी मुले आणि त्यांचे पालक यांचे ऐकून घेणे, त्यांच्यासह अडचणीतून वाट काढणे, हा माझा व्यवसाय. त्यातही ज्यांचा मेंदू चारचौघांपेक्षा निराळ्या रीतीने चालतो, अशा मुलांविषयी आज बोलावयाचे आहे.

ही मुले आपल्या ओळखीचीच आहेत. एखादे पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. माळेगावच्या यात्रेत ढोल वाजू लागला की कान झाकून घेते. एखादे तोंडी सारे बिनचूक सांगते, पण वहीत चार ओळी लिहिताना अडते. एखाद्याला अर्धा तास एका जागी बसवत नाही. यांतल्या कोणाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असते, कोणाला अध्ययन अक्षमता, कोणाला एडीएचडी. ते डॉक्टरांनी तपासून ठरवावयाचे. आपण मात्र न तपासताच ‘येडं’, ‘हट्टी’, ‘आळशी’ असे शिक्के मारून मोकळ्या होतो.

पूर्वी डावखुऱ्या मुलाच्या हातावर पट्टी मारून त्याला उजव्या हाताने लिहावयास लावीत. आज आपण तसे करीत नाही. हात तोच राहिला, आपली समजूत बदलली. मेंदूच्या बाबतीतही असाच विचार १९९० नंतरच्या दशकात पुढे आला. न्यूरोडायव्हर्सिटी, म्हणजे मेंदूंची विविधता, हा शब्द तेव्हाचा. या मुलांना अडचणी नसतात असे त्याचे म्हणणे नाही. मूल मोडके आहे असे धरून सुरुवात करू नका, एवढेच त्याचे सांगणे आहे.

आयांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ऑटिझमचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे कित्येक वर्षे परदेशातले मोठमोठे लोकही सांगत होते की, आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले. ब्रूनो बेटेलहाइम यांचे १९६७ चे पुस्तक याच मताचे. ते मत खोटे ठरले आहे. तेव्हा सासूबाई किंवा शेजारीण ‘तुझंच लक्ष नाही’ असे म्हणाली, तर ते मनाला लावून घेऊ नका. आणि आपण सासू वा शेजारीण असू, तर तसे म्हणू नका.

आता उपायाकडे वळू. आपला भाग शिकवण्यांचा. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर झाले, नांदेडलाही नीटच्या शिकवण्यांना गावोगावची मुले येतात. त्या गर्दीतल्या एका मुलाकडे पाहू. ही कोणा एकाची हकीकत नव्हे, अनेकांच्या अनुभवांवरून रचलेली आहे. कंधारकडच्या खेड्यातला अकरावीचा मुलगा लातूरच्या वसतिगृहात राहतो. तिसऱ्याच आठवड्यात तो मेसला जाईनासा होतो, बिस्किटांवर दिवस काढतो. वडील एसटीने धावत येतात. “आम्ही रक्ताचं पाणी करतोय अन् तुला जेवायला काय झालं?” मुलगा मान खाली घालून गप्प.

अशा वेळी तीन पायऱ्यांनी जाता येते. रॉस ग्रीन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी ही रीत मांडली आहे. त्यांचे मूळ सूत्र असे की, मुलाला जमत असते तर त्याने केलेच असते. जमत नाही, म्हणजे कोठे तरी अडते आहे.

पहिली पायरी, मुलाचे म्हणणे ऐकणे. “मेसमध्ये जाताना काय जड जातं, बाळा?” असे विचारून थांबायचे. उत्तर आपण सुचवायचे नाही. बोलवत नसेल तर कागद द्यायचा. हा मुलगा लिहितो, “ताटांचा आवाज. नंतर रात्रभर डोक्यात वाजतो.” हट्ट म्हणून जो दिसत होता, तो त्रास निघाला.

दुसरी पायरी, मोठ्यांची काळजी सांगणे. वडील म्हणतात, “तू उपाशी राहिलास तर आजारी पडशील, याची मला धास्ती वाटते.” रागाच्या पोटातली माया अशी बाहेर येते.

तिसरी पायरी, दोघांना चालेल असा तोडगा दोघांनी मिळून काढणे. मुलगाच म्हणतो, “मावशीनं अर्धा तास आधी वाढलं तर जेवीन.” वडील मेसच्या मावशींशी बोलतात. आठवडाभर करून पाहायचे, न जमल्यास पुन्हा बसायचे. यात मुलाला कोणी दुरुस्त केले नाही, जेवणाची वेळ तेवढी बदलली.

कोणी म्हणेल, अशाने मुले डोक्यावर बसतील. पण जेवण सुटले नाही, अभ्यासही सुटला नाही. सुटली ती जबरदस्ती. जी मुले बोलतच नाहीत, त्यांना चित्रे दाखवून, हावभाव ओळखून विचारता येते. काहींना आयुष्यभर आधार लागतो, काहींना औषधही लागते. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे. मात्र वरवर ‘इतरांसारखे’ दिसण्यासाठी आपले वेगळेपण सतत झाकणाऱ्यांत चिंता आणि नैराश्य अधिक आढळते, हे संशोधकांनी नोंदले आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी हा भार फार होतो.

मदत आपल्या जवळ आहे. लातूर आणि नांदेड दोन्हीकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले, त्यांत स्वमग्नता व अध्ययन अक्षमता आहेत. लिहिण्यास अडचण असलेल्या पात्र परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटे जादा द्यावीत, अशा सूचना केंद्राने २०१८ साली दिल्या होत्या. मन फारच खचले तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते.

मंडळाला माझी एकच विनंती आहे. पुढच्या हळदीकुंकवाला एखाद्या मैत्रिणीचे लेकरू कोपऱ्यात बसले, तर “पाया पड, तोंड उघड, किती टक्के पडले?” असे म्हणू नये. “तुला कुठं बसायला बरं वाटेल?” एवढे विचारावे, आणि ते सांगेल तेथे बसू द्यावे. त्याच्या आईलाही त्या दिवशी निवांतपणे वाण घेता येईल.