रविवारची कात्री

आज मी तुमच्याशी एका कात्रीबद्दल बोलणार आहे. ही कात्री शिवणाची नाही, वर्तमानपत्र कापायची आहे. अमेरिकेतल्या आमच्या घरी सात वर्षं ती दर रविवारी सकाळी चहाबरोबर टेबलावर यायची. ती हातात घेतली की आता आपण कामाला लागलो, असं मला वाटायचं.

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी नवऱ्याबरोबर न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन या गावी गेले. त्याआधी पुण्यात मी सहा वर्षं एका सहकारी बँकेत काउंटरवर काम केलं होतं. नवऱ्याचा व्हिसा एच-वन होता आणि माझा एच-फोर. एच-फोर म्हणजे बायकोचा व्हिसा. तिथे राहा, हवं तर शिका, पण एक पैसाही कमवायचा नाही. पुढे २०१५ साली अशा काही बायकांना काम करायची परवानगी मिळू लागली, पण तोवर आम्ही परत आलो होतो.

पहिल्या महिन्यात वाणसामान आणायला गेले तेव्हा पर्समधले पैसे माझे नाहीत, हे मला फार जाणवलं. नवरा कधी हिशेब मागत नसे. पण न मागितलेला हिशेबही द्यावासा वाटतो, आणि माझ्यासारख्या बँकेतल्या बाईला तर जास्तच.

आमच्या खालच्या मजल्यावर एक सत्तरीच्या आजी राहायच्या. त्या मूळच्या इटालियन घराण्यातल्या, पण जन्म न्यू जर्सीतलाच. एका रविवारी मी कचरा टाकायला गेले तर त्या वर्तमानपत्रांच्या ढिगातून चकचकीत पुरवण्या काढत होत्या. मी बघत राहिले. त्यांनी मला घरात बोलावलं आणि एक जुनं बुटाचं खोकं उघडून दाखवलं. आत पाकिटं होती : साबण, न्याहारी, कागद, औषधं. प्रत्येक पाकिटात कापलेली कूपनं, मुदतीच्या तारखेप्रमाणे लावलेली. माझ्या बँकेतली फायलिंगची कपाटं मला आठवली.

मी म्हटलं, ‘‘हे म्हणजे कंपनीने केलेली मेहेरबानी आहे, ती कशाला घ्यायची?’’ आजी म्हणाल्या, ‘‘मेहेरबानी कसली? या कूपनचा खर्च त्यांनी खोक्याच्या किमतीत आधीच धरलेला आहे. तू कापलं नाहीस तर तो तू भरतेस, आणि त्याचा फायदा मी घेते.’’ हे वाक्य मला पटलं. मी घरी आले ती कात्री शोधतच.

आता ही कूपनं चालतात कशी, ते थोडक्यात सांगते. तिकडे ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोका-कोलाने एक ग्लास फुकट देणारी कूपनं वाटली होती, आणि लोकांना त्या पेयाची चव लागली ती तिथून. आमच्या वेळी न्यू जर्सीत ‘स्टार-लेजर’ हे मोठं वर्तमानपत्र होतं. त्याच्या रविवारच्या अंकात कूपनच्या रंगीत पुरवण्या घातलेल्या असत. एखाद्या टूथपेस्टवर ७५ सेंट सूट, दोन डबे घेतले तर एक डॉलर सूट, अशी ती कूपनं. दुकानदार ते घेऊन तेवढे पैसे कमी करतो आणि मग कूपन कंपनीकडे पाठवतो. कंपनी त्याला सूट दिलेली रक्कम परत करते आणि हाताळणीचे म्हणून दर कूपनमागे काही सेंट वर देते. म्हणजे दुकानदाराचं नुकसान काहीच नाही. कूपनच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘रोख मूल्य : सेंटचा शंभरावा भाग’ असं छापलेलं असे. काही राज्यांच्या जुन्या कायद्यांमुळे कूपनला काहीतरी रोख किंमत दाखवावी लागते, म्हणून ही छपाई.

खरी गंमत पुढे होती. आमच्या भागातली काही मोठी दुकानं तेव्हा ९९ सेंटपर्यंतचं कूपन दुप्पट करून देत. एक उदाहरण देते. टूथपेस्टची नेहमीची किंमत २ डॉलर ४९ सेंट. एखाद्या आठवड्यात ती सेलमध्ये १ डॉलर ४९ सेंटला येते. माझ्याकडे ७५ सेंटचं कूपन आहे. दुकान ते दुप्पट करतं, म्हणजे दीड डॉलर होतात. किमतीपेक्षा जास्त सूट मिळत नाही, त्यामुळे टूथपेस्ट फुकट! फक्त विक्रीकर द्यायचा. तोही कंपनीकडून परत येणाऱ्या ७५ सेंटांवर लागतो, कारण ते पैसे दुकानाला मिळालेलेच असतात. बाकीची सूट दुकानाची स्वतःची, तिच्यावर कर नाही. तेव्हाच्या सात टक्क्यांच्या दराने हा कर होतो पाच सेंट. पाच सेंटात टूथपेस्ट घेऊन मी पहिल्यांदा दुकानाबाहेर पडले, तेव्हा पगार झाल्यासारखा आनंद झाला होता.

हा आनंदच पुढे नडला.

तिकडच्या पावतीवर खाली एक ओळ छापलेली असते : ‘आज तुम्ही इतके डॉलर वाचवलेत.’ मी एक वही केली आणि दर आठवड्याला तो आकडा तीत उतरवू लागले. पहिल्या वर्षाच्या अखेरीस बेरीज अकराशे चाळीस डॉलर आली. ती वही मी नवऱ्यापुढे ठेवली. मनात म्हटलं, बघ, हा माझा पगार. त्याने वही पाहिली, माझं कौतुक केलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, ‘‘मग हे अकराशे चाळीस आहेत कुठे?’’

बँकेतल्या शिल्लकेत ते नव्हते. कुठे होते ते मला माहीत होतं. ते कपाटात होते. न्याहारीच्या गोड खोक्यांची रांग, केसांना लावायच्या तीन तऱ्हांच्या बाटल्या, आणि मोहरीच्या सॉसच्या अकरा बाटल्या. आमच्या घरात हे सॉस खाणारं कुणी नव्हतं. बाटली जवळजवळ फुकट पडत होती म्हणून मी घेत गेले होते. पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी हसत हसत हे सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘अगं, अकरा बाटल्या मोहरी? लोणचं कुणाच्या लग्नाचं घालत्येस?’’ फोन ठेवल्यावर मात्र मला हसू आलं नाही.

मग मी वहीत दुसरा रकाना आखला. कूपन नसतं तर ही वस्तू मी घेतली असती का? उत्तर ‘हो’ असेल तरच बचत धरायची, आणि तीही सगळ्यात स्वस्त पर्यायाशी तुलना करून. कारण नामांकित कंपनीचं खोकं कूपन लावून तीन डॉलरला पडतं, तेव्हा शेजारी दुकानाच्या स्वतःच्या छापाचं तसंच खोकं सव्वादोनला असतं. मग आपण वाचवले काय? पाऊण डॉलर जास्तच दिले. या हिशेबाने पहिल्या वर्षाचे अकराशे चाळीस उतरून जेमतेम साडेतीनशेवर आले. पगारकपात म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

हा हिशेब करताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. कूपनं असतात ती पाकिटातल्या, डब्यातल्या, जाहिरात होणाऱ्या मालाची. कांदे, बटाटे, पालक, केळी यांचं कूपन मला तरी क्वचितच दिसलं. आपल्या घरचं खाणं म्हणजे भात, आमटी, पोळी, भाजी. तूरडाळ, पोहे, कणीक हे सगळं मी ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून आणायची. तिथे रविवारच्या पुरवणीतल्या कूपनचा काही उपयोग नव्हता. म्हणजे आमच्या ताटातल्या बहुतेक पदार्थांना ही कात्री पोहोचतच नव्हती. कूपनला जे चालतं ते खाऊ लागलो असतो तर ताटच बदललं असतं, आणि थोडंफार ते बदलूही लागलं होतं. २००६ साली मुलगी झाली. ती तीन वर्षांची असताना सकाळी उपमा नको, खोक्यातलं गोड हवं, असा हट्ट धरू लागली. ती खोकी घरात कुणी आणली होती? मीच.

तेव्हा मी कूपनचा पसारा आवरला, पण कात्री टाकून दिली नाही. साबण, टूथपेस्ट, भांड्यांचा साबण, मुलीची डायपर्स, कागदी रुमाल एवढ्याच गोष्टींची कूपनं ठेवली. ही तर लागणारच होती. त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी भाव लिहू लागले. कुठली वस्तू, कुठल्या दुकानात, किती वजनाला, कुठल्या तारखेला. न्यू जर्सीत मालाच्या किमतीबरोबर फळीवर दर पौंडाचा किंवा दर औंसाचा भावही लावावा लागतो, त्यामुळे ते सोपं होतं. वर्षभरात लक्षात आलं की बहुतेक वस्तूंचा भाव दोन-तीन महिन्यांतून एकदा तळाला जातो. तेव्हा पुढच्या वेळेपर्यंत पुरेल एवढंच घ्यायचं आणि तेव्हाच कूपन वापरायचं. सेलमधला माल संपला असेल तर काउंटरवर चिठ्ठी मागायची. ती चिठ्ठी दाखवली की माल आल्यावर जुन्याच भावाने मिळतो.

एकदा रांगेत माझ्यामागे आमच्या ओळखीतले एक गृहस्थ उभे होते. माझ्या हातातली कूपनं पाहून म्हणाले, ‘‘वहिनी, इतकी वेळ आलीय का?’’ ते थट्टेत म्हणाले, पण मला लागलं. काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. घरी येऊन विचार केला. पुण्यात वाण्याशी आठ आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्या माझ्या आईला कुणी असं विचारलं नव्हतं. काटकसर बोलून केली तर हुशारी, आणि कागद दाखवून केली तर गरिबी, हा कुठला न्याय?

वेळ खरोखरच आली ती २००९ साली. मंदी होती. नवऱ्याच्या कंपनीने सगळ्यांचे पगार कापले. नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. त्या रात्री आम्ही दोघं टेबलाशी वही घेऊन बसलो. वाणसामानाला महिन्याला चारशेच्या वर डॉलर लागत होते. मागच्या पानांवरच्या भावांवरून आम्ही यादी केली आणि पुढचे अकरा महिने अडीचशेत घर चालवलं. त्यात कूपनचा वाटा होता तीस-पस्तीस डॉलरांचा. बाकीचं काम त्या भावांच्या पानांनी आणि घरच्या स्वयंपाकाने केलं. महिनाअखेरीस नवरा म्हणाला, ‘‘या महिन्यात घर तुझ्या वहीने चालवलं.’’ सात वर्षांत मला मिळालेला तो एकच पगार, पण पुरा मिळाला.

खालच्या आजींनाही मी विचारलं होतं, की तुमच्या खोक्यात इतका साबण कशाला? त्या मला गाडीत घालून एका चर्चच्या तळघरात घेऊन गेल्या. तिथे गरजूंना धान्य आणि सामान वाटत असत. सरकारी अन्नमदतीच्या पैशांतून तिकडे साबण, टूथपेस्ट घेता येत नाही, म्हणून आजी फुकटात पडलेल्या या वस्तू दर महिन्याला तिथे देऊन येत. माझ्या अकरा बाटल्याही तिथेच गेल्या. मोहरी खाणारे लोक त्यांना मिळाले.

२०११ साली आम्ही पुण्याला परतलो. त्याच सुमारास तिकडे दूरचित्रवाणीवर कूपनवाल्यांचा एक कार्यक्रम सुरू झाला होता. लोक शेकडो बाटल्यांनी तळघरं भरत आणि टाळ्या घेत. मला माझं कपाट आठवायचं. अमेरिकेत त्या वर्षांत दरसाल तीस हजार कोटींच्या वर कूपनं वाटली जात, आणि शंभरातलं जेमतेम एक वापरलं जाई. कंपन्यांना ते परवडतं. कूपन वापरलं नाही तरी मालाचं नाव आपल्या स्वयंपाकघरात येऊन पडलेलं असतं.

आता ती रविवारची पुरवणीही राहिली नाही. ‘स्टार-लेजर’चा छापील अंक २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाला. कूपनं फोनवर आली. आपल्याकडेही आता ‘एकावर एक मोफत’, ‘कॅशबॅक’, ‘अमुक रुपयांच्या वर घेतलंत तर घरपोच फुकट’ हे रोजचं झालं आहे. नव्याण्णव रुपये कमी पडतात म्हणून आपण दीडशेचं काहीतरी टोपलीत टाकतो. कात्री नसली तरी हा खेळ तोच आहे.

तुम्हाला सांगण्यासारख्या माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. आपल्याकडेही आता पाकीटबंद मालावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापावा लागतो. तो बारीक अक्षरांत असतो, पण चश्मा लावून वाचा. मोठं पाकीट दर वेळी स्वस्त पडतंच असं नाही. आणि एक साधी वही करा. तीत दोन रकाने आखा : किती वाचले, आणि सूट नसती तर हे घेतलं असतं का.

माझी ती कात्री अजून आहे. हल्ली दुधाच्या पिशव्या कापायला वापरते. वही मात्र चालूच आहे, आता चौथी. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा पहिली वही तिला वाचायला दिली. तिने अकराशे चाळीसचं पान पाहिलं, पुढचं साडेतीनशेचं पान पाहिलं आणि विचारलं, ‘‘आई, मधले आठशे कुठे गेले?’’ मी म्हटलं, ‘‘ती माझी फी होती.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)