कर भरावा, पण गप्प बसावे का?

बायबलमधल्या, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 13व्या अध्यायात प्रेषित पौल राज्यसत्तेच्या अधीन राहायला आणि कर भरायला सांगतो. मग ख्रिस्ती नागरिकाने सरकारपुढे गप्पच बसावे का? तसा अर्थ काढणारे अध्याय अर्ध्यावर सोडतात. कारण पुढे तोच पौल सारे नियमशास्त्र शेजाऱ्यावरील प्रीतीत सामावते असे लिहितो. आणि लूकच्या शुभवर्तमानात खरा शेजारी ठरतो तो जखमी वाटसरूला मदत करणारा परका शोमरोनी. ख्रिस्ती समाजसुधारक पंडिता रमाबाईंनी हे पुरते जाणले होते, असे मला वाटते. दुष्काळातल्या निराधार मुलींना त्यांनी आसरा दिलाच. शिवाय 1897च्या प्लेगमध्ये पुण्याच्या सरकारी रुग्णालयात होणाऱ्या स्त्रियांच्या हालांबद्दल वृत्तपत्रातून जाहीर तक्रारही केली. तीही इंग्रज राज्यकर्ते त्यांचेच धर्मबंधू असताना.